दुसऱ्या कप्प्यातला आवाज

"ऊठ ना रे मामा! आज तलावावर न्यायचं कबूल केलं होतंस!"

मामाने एक डोळा उघडला, भुंग्याकडे पाहिलं आणि डोळा पुन्हा मिटला. स्टुडिओतल्या एडिटिंगच्या टेबलाखाली सतरंजी टाकून तो आडवा झाला होता. रात्रभर कुणाच्या तरी समारंभाचं शूटिंग करून तो सकाळी परतला होता, आणि त्याच्या आदल्या दिवशीही तेच झालं होतं. सुट्टी लागून बरेच दिवस झाले होते. तलाव होता तिथेच होता. तिथे जाणारं कोणी नव्हतं, एवढंच.

"सोड त्याला," ताई म्हणाली. ताई ही भुंग्याची मोठी बहीण. दोघं सुट्टीसाठी मामाकडे आली होती, मजा करायला म्हणून! भुंगा दिवसभर काही ना काही गुणगुणायचा, म्हणून तो भुंगा. आणि खिडकीच्या कठड्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली, जराशी हाक मारली की टुणकन उडी मारणारी खार, ती मामाची मुलगी. आज मात्र खारीलाही उडी मारायचा कंटाळा आला होता.

इतक्यात फोन वाजला. मामीने तो उचलला आणि तिचा चेहराच उतरला.

"हो हो, काम चाललंय... थोडंसं बाकी आहे... या ना, संध्याकाळी या."

फोन ठेवून मामीने डोकं की-बोर्डवर टेकवलं. पडद्यावर एकाच अक्षराची लांबच लांब रांग उमटत गेली.

"कुणाचा होता गं?" ताईने विचारलं.

"आजोबांच्या लेकीचा. आता त्या बाईला काय तोंड दाखवू मी?"

आजोबा म्हणजे बसस्थानकावरचे घोषणावाले आजोबा. कुठली गाडी कुठे लागली, कुणाची पिशवी राहिली, कुणाचं पोर हरवलं, हे सगळं गावाने वर्षानुवर्षं त्यांच्याच आवाजात ऐकलं होतं. त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. नात तर अजून बोलायलाही लागलेली नव्हती! मग ती मोठी झाल्यावर ऐकेल म्हणून आजोबांनी मामाच्या नव्या कॅमेऱ्यासमोर बसून तिच्यासाठी गोष्टी सांगितल्या. ऑपरेशन झालं. आजोबा घरी आले. आवाज गेला तो गेलाच.

"आणि रेकॉर्डिंग अर्धंच आहे," मामी म्हणाली. "कार्डावर पुढचं काहीच नाही."

"कॅमेऱ्याने दगा दिला," टेबलाखालून आवाज आला. "इतके दिवस दुकानं पालथी घालून घेतला, आणि हे! शूटिंगला पुन्हा जुनाच काढला मी, आणि हा सकाळी येतायेताच परत देऊन आलो. दुसरा देतो म्हणालेत."

"आम्हाला दाखव ना, मामी," ताई म्हणाली.

मामीने माऊस हलवला. पडद्यावर आजोबा आले. काय तो आवाज! खोलीतली मरगळ क्षणभर कुठल्या कुठे पळाली.

"...गाडी थांबली. दार उघडलं. आणि मग त्या गाडीतून खाली उतरला..."

आणि फटकन पडदा काळा!

"कोण उतरला?" भुंगा ओरडला.

"तेच तर नाहीये ना, बाळा."

"पुन्हा लाव," खार म्हणाली. ती आता कठड्यावरून उतरून पडद्याला नाक लावून उभी होती. "मागे कसला तरी आवाज येतोय. घुर्र, घुर्र. ऐक!"

"पंखा असेल."

"पंखा असा सुस्कारे सोडत नाही, आई!"

सगळ्यांनी कान दिला. मग सगळ्यांनी एकदमच वाकून टेबलाखाली पाहिलं. मामाने सतरंजी डोक्यावरून ओढून घेतली.

"अहो!" मामी किंचाळली. "तुम्ही शूटिंग चालू असताना झोपलात?"

"डोळा लागला असेल जरासा..."

"जरासा? आजोबांच्या खालोखाल तुझाच आवाज खणखणीत आलाय, मामा!" भुंगा म्हणाला.

हसू आलं सगळ्यांना, पण ते फार टिकलं नाही. आजोबांची लेक संध्याकाळी येणार होती.

ताई मात्र विचारात पडली होती. "खारे, तू होतीस ना तेव्हा?"

"होते म्हणजे काय! आजोबांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून तो मोठा चंदेरी पत्रा धरून उभी होते. हात नुसते गळून गेले होते. म्हणून सारखी कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे बघत होते, की हा विझतोय कधी आणि मी बसतेय कधी!"

"मग? कधी विझला?"

"आजोबांचं सगळं बोलणं संपलं तेव्हा! त्यांनीच बाबांना हलवून उठवलं. मग बाबांनी बटण दाबलं."

ताई ताडकन उठली. "मामी, कार्ड भरलं की रेकॉर्डिंग थांबतं ना? मग दिवाही विझायला हवा!"

"विझतो. जुन्या कॅमेऱ्याचा तरी विझायचा."

"मग हा शेवटपर्यंत पेटलेला होता, तर तो लिहीत कुठे होता?"

भुंग्याची गुणगुण थांबली, आणि ती थांबली म्हणजे त्याला काहीतरी आठवतंय हे ताईला ठाऊक होतं.

"कट्," भुंगा हळूच म्हणाला. "आणि मग पुन्हा कट्. दोनदा वाजलं होतं!"

"काय वाजलं?"

"कॅमेरा घेतला तेव्हा! मी होतो मामाबरोबर. दुकानातल्या काकांनी एक कार्ड बाजूच्या झाकणात घातलं. कट्. मग बॅटरी काढली, तिच्या मागे काहीतरी केलं. कट्. 'ही आमच्याकडून भेट,' म्हणाले. मामा म्हणाला, 'बरं बरं.'"

"भेट म्हणजे मला वाटलं, काच पुसायचं फडकं असेल!" मामा टेबलाखालून बाहेर आला तो डोकं आपटूनच. "अगं, जुन्याला कार्डाचा एकच कप्पा होता! मी सवयीने बाजूचं कार्ड काढलं आणि..."

"पहिलं भरल्यावर कॅमेऱ्याने दुसऱ्या कप्प्यात लिहायला सुरुवात केली," मामी म्हणाली. "पडद्यावर तसं दाखवलंही असेल. पण बघणारा जागा हवा ना! माहितीपुस्तक तरी वाचलंत का?"

माहितीपुस्तक कॅमेऱ्याच्या खोक्यात होतं, प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं. आणि ते खोकं टेबलाखाली होतं. मामी रोज त्यावरच पाय ठेवून बसायची. तिने गुपचूप पाय खाली घेतले.

दुकानाचा फोन नुसता वाजत राहिला. कुणी उचलेना.

"मी निघतो!" मामा गाडीच्या किल्ल्या शोधू लागला. त्या त्याच्या हातातच होत्या.

"या डोळ्यांनी गाडी चालवायची नाही! मी कुलूप लावून तुम्हाला घेऊन येते. पोरांनो, तुम्ही पुढे पळा. ते कार्ड कुणी कोरं केलं, तर आजोबांचा आवाज कायमचा गेला!"

तिघं पळाली. भर दुपार होती. बाजार ओलांडेपर्यंत पळणं संपलं, मग भरभर चालणं, आणि शेवटच्या गल्लीत तर नुसतं पाय ओढणं. "मला तलावावर जायचं होतं," भुंगा धापा टाकत म्हणाला. "पोहून दमायचं होतं. असं नाही!"

दुकानात शिरताच खार थबकली. "तो बघ!"

समोर तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा लावलेला होता. त्याच्या मुठीवर चंदेरी चिकटपट्टीचा तुकडा अजून चिकटलेला. तो खारीनेच पत्रा आवरताना तिथे चिकटवून ठेवला होता! दुकानदार काका एका चष्मेवाल्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "नवा कोरा माल, साहेब! आत्ताच खोक्यातून काढलाय. थांबा, तुमच्यासमोर कार्ड फॉरमॅट करतो आणि शूटिंग करून दाखवतो."

"काका, नका! थांबा!" भुंगा ओरडला.

"ए, हात लावायचा नाही. लांब उभे राहा." काकांनी मान वरही केली नाही. त्यांचा आवाज पार बसला होता. "हं, दोन्ही कार्डं पुसायची का, असं विचारतोय बघा..."

ताईने पाहिलं, ओरडून काही उपयोग नाही. तिने आवाज एकदम गोड केला. "काका, तुमच्याकडचा सगळ्यात महाग कॅमेरा कुठला हो? आमच्या मामाला घ्यायचाय."

काकांचं बोट हवेतच थांबलं. "सगळ्यात महाग?" ते मागच्या कपाटाकडे वळले.

तेवढंच हवं होतं! भुंगा तिकाटण्याखालून सरपटत गेला, हात वर केला, खटका दाबला आणि बॅटरी ओढली. पडदा काळा!

"अरे कार्ट्या! मोडलास की रे!"

पण तोवर खारीने टुणकन उडी मारून बॅटरीमागचं रबरी झाकण नखाने उचकटलं होतं. आत कार्ड होतं. कट्!

"नव्या कोऱ्या कॅमेऱ्यात कार्ड कुणाचं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"आमचं!" तिघं एका सुरात ओरडली.

दारातून मामा-मामी आत आले. मामाचे केस चारी दिशांना उभे होते. मामाला बघून काकांचा चेहरा पडला. ते स्टुलावर मटकन बसले.

"खरं सांगू का? उघडूनही पाहिला नाही मी," ते म्हणाले. "सकाळपासून उभा आहे. पाय नुसते भरून आलेत. चांगला दिसला, म्हटलं ठेवू या समोर."

मामाने त्यांना एक शब्दही सुनावला नाही. तोंड होतंच कुठे त्याला! चष्मेवाले मात्र चष्मा सारखा करत निघून गेले. मामाने कॅमेरा काखेत मारला आणि सगळे घरी आले.

मामीने कार्ड संगणकाला लावलं. "आधी दोन ठिकाणी उतरवून घेणार. मगच बघायचं. कुणी घाई करायची नाही!" पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. तिघं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून ती बघत बसली. अखेर पट्टी भरली. मामीने दोन्ही तुकडे जोडले.

"...आणि मग त्या गाडीतून खाली उतरला... एक बोकड! तिकीट काढून बसलेला!"

एक अक्षरही तुटलं नव्हतं! मामी हसता हसता रडायलाच लागली.

संध्याकाळी आजोबा आले. गळ्याला पट्टी, हातात पाटी, मागे लेक आणि तिच्या कडेवर नात. मामीने रेकॉर्डिंग लावलं. आजोबा खुर्चीत पुढे सरकून आपलाच आवाज ऐकत होते. मुलांना त्यांच्याकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. शेवटी पडद्यावरच्या आजोबांनी घसा खाकरला आणि थेट बसस्थानकातला आवाज लावला:

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! आजोबांची गाडी आता सुटते आहे. छोट्या प्रवाशांनी डोळे मिटून घ्यावेत!"

छोटी लेकीच्या कडेवरून उतरली. पडद्याकडे न जाता ती रांगत आजोबांपाशी गेली, त्यांचा गुडघा धरून उभी राहिली आणि तिने त्यांच्या ओठांवर हात ठेवला. आजोबांनी ओठ हलवले. मामीने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. आवाज संगणकातून येत होता, ओठ मात्र तिच्या तळव्याखाली नेमके त्याच शब्दांना हलत होते. ती खिदळली. "अजून!" असंच काहीसं ती म्हणाली. लेकीने पदर डोळ्यांना लावला.

मग आजोबांनी तिन्ही मुलांना जवळ घेतलं. पाठीवर थाप मारली, चांगली दणकून! आणि पाटीवर लिहिलं, "शाब्बास! तुमच्यामुळे माझा आवाज माझ्या घरी आला."

"फक्त ते मागचं घोरणं राहिलंय," मामी ओशाळून म्हणाली. "ते मी काढून टाकते, आजोबा."

आजोबांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. भुंग्याने ते मोठ्याने वाचलं:

"मुळीच काढू नका. गोष्ट झोपवायचीच होती. पहिल्याच श्रोत्याला झोप लागली, याहून मोठं कौतुक कुठलं?"

सगळे हसत मामाकडे वळले. मामा खुर्चीत नव्हता. टेबलाखालून संथ, समाधानी आवाज येत होता. घुर्र. घुर्र.

तलावाचं पुन्हा एकदा विचारायचं होतं भुंग्याला. पण तो खाली वाकला, मामाच्या अंगावर सतरंजी ओढली आणि त्याला झोपू दिलं.