अकरा पायऱ्यांच्या वर

आमच्या लोडमिअरमध्ये माणूस घर बांधतो तेव्हा दाराला पायरी ठेवत नाही. पायऱ्या मागाहून येतात. इथली काळी माती सुकते, आटते, वाऱ्यावर उडून जाते आणि जमीन दर वर्षी अर्धा-पाऊण इंच खाली बसते. घर मात्र खोल चिकणमातीपर्यंत ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभं असतं, ते जागचं हलत नाही. मग दहा-एक वर्षांनी दारातून उतरताना म्हाताऱ्यांचे गुडघे कुरकुरायला लागले की जानेवारीत, नांगर बाहेर काढायच्या सणाला, नांगर-सोमवारी शेजारी जमतात, बिअर पितात आणि सगळ्यात खाली एक नवी पायरी बसवतात. इथलं मोठं तळं आटवून जमीन केल्यावर माझ्या नवऱ्याच्या पणजोबाने हे घर बांधलं तेव्हा उंबरठा जमिनीला टेकलेला होता. आता अकरा पायऱ्या आहेत. खाली उभ्या राहिलेल्या उंच माणसाचं डोकंही उंबरठ्याच्या खालीच राहतं.

रोज सकाळी मी त्या अकराही पायऱ्या धुते आणि त्यांच्यावर पांढरा दगड घासते. पायऱ्या काळ्या असलेल्या बाईचं तोंडसुद्धा बघू नये, असं सासू म्हणायची. सासू गेली, सवय राहिली. त्यामुळे माझ्या दाराशी कोण आलं, किती वेळा आलं, हे मला पायऱ्याच सांगतात. मांजर चढलं तरी कळतं.

माझा नवरा विल्फ गेल्यापासून नऊ वर्षं पंपही मीच चालवते. निचरा मंडळाला पंपावर बाई नको होती. त्यांनी एक तरणाबांड गडी पाठवला, त्याने तीन दिवसांत इंजिन बंद पाडलं, आणि चौथ्या दिवशी साहेब टोपी हातात घेऊन माझ्या दारात उभे. तेव्हापासून चरांतलं पाणी मी उपसते आणि वरच्या कालव्यात टाकते. पंप चार दिवस थांबला तर साखरबिटाच्या रानात बदकं पोहतील.

एकोणीसशे एकसष्टच्या नाताळात मंडळाचं पत्र आलं. जमीन फार खाली गेली आहे, एवढ्या खोलातून पाणी उपसणं यापुढे जमणार नाही. मार्चच्या पंचवीस तारखेला पंप बंद होईल, सगळ्यांना टेकाडावर नवी घरं मिळतील. नऊ घरांपैकी सात घरं जानेवारीतच रिकामी झाली. त्या साली नांगर-सोमवारी पायरी बसवायला कुणीच जमलं नाही. मी पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलं, “माझे पाय या जमिनीवरून निघणार नाहीत. इनिड सेचेल,” आणि त्याच पाकिटात घालून परत पाठवलं.

दुसरं उरलेलं घर ओबी फोव्हार्गचं. ओबी सत्तरीचा, वाम मासे पकडणारा, विल्फचा लहानपणापासूनचा दोस्त. त्या हिवाळ्यात माझ्या चुलीपुढे बसून त्याने माझ्या डाव्या बुटाच्या टाचेला सायकलच्या टायरचं ठिगळ मारलं. सात खिळे ठोकले, सातवा वाकडा गेला.

“एवढं धड ठोकता येत नाही?” मी म्हटलं.

“बये, तुझ्या चालण्यापेक्षा सरळ आहे तो.”

त्याच्या स्वतःच्या डाव्या बुटाच्या लोखंडी नालेतला मधला खिळा दोन वर्षांपूर्वी पडला होता. तो त्याने कधी बसवला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी दार उघडलं तर उंबरठ्यावर पावलं होती. अनवाणी, ओली, तीन-चार माणसांची. पायऱ्यांवर काही नव्हतं. आदल्या दिवशी घासलेल्या अकराच्या अकरा पायऱ्या दुधासारख्या पांढऱ्या. मी खाली उतरून घराला फेरी मारली. शिडीची खूण नाही, भिंतीवर ओरखडा नाही. परत येऊन मी तो चिखल बोटाने उचलून पाहिला. आमची माती काळी असते. हा चिखल करडा होता आणि त्यात नखाएवढे पांढरे शिंपले होते. तळ्याच्या तळाचा चिखल. आमचं तळं आटवून एकशे दहा वर्षं झाली.

दाराच्या कडीला लव्हाळ्याची गाठ बांधलेली होती.

ती गाठ आमच्याकडे कुणालाही शिकवावी लागत नाही. बांध फुटायला आला की दारोदार फिरून हाका मारायला वेळ नसतो. कडीला लव्हाळ्याची गाठ बांधायची आणि पुढे पळायचं. घरातल्या माणसाने ती सोडवून चुलीजवळच्या खिळ्याला लावली, की त्या घरातून एक माणूस बांधावर येणार, हा शब्द झाला. यायचं नसेल तर गाठ कडीलाच ठेवायची. पण कडीला ठेवलेली गाठ मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आणि सत्तेचाळीसच्या पुरानंतर तर कुठलीच गाठ पाहिली नव्हती.

हाताला डोकं नसतं. माझ्या हातांनी ती गाठ सोडवली, आत नेली आणि खिळ्याला लावली. मग चहा ठेवताना मला वाटलं, बांध तर सुका आहे. कालच मी सगळा चालून आले. हा ओबीचाच चावटपणा.

मी तडक ओबीकडे गेले. त्याच्या दाराला नऊ पायऱ्या. तो वरच्या पायरीवर बसून जाळं दुरुस्त करत होता. त्याच्या मागे, उघड्या दारातून, चुलीजवळ लटकलेली गाठ दिसली.

“तूही लावलीस?” मी विचारलं.

“लावली. सवयच ती.” त्याने जाळ्यातून मान वर काढली नाही. “तू नाही ना बांधलीस?”

“मला दुसरे धंदे नाहीत का? मला वाटलं तू.”

“मी नाही गं.”

त्याने जाळ्याला आणखी एक गाठ मारली. मग म्हणाला, “परवा दुपारी धुकं होतं ना, मी चरात सापळे काढत होतो. वर पाहिलं.”

“मग?”

“तळवे दिसले, इनिड.”

“कसले तळवे?”

“माणसांचे. माझ्या डोक्यावर. चालत होते. काचेवर चालणारा माणूस खालून दिसेल तसे. टाच टेकायची, पंजा टेकायचा. बायकांचे होते, पोरांचेही होते. जिथे जुनी जमीन होती ना, तेवढ्या उंचीवरून चालले होते.”

“दुपारपासूनच प्यायला लागलास वाटतं.”

“तसं असतं तर बरं झालं असतं.” तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “आपल्या माणसांनी तळं आटवलं तेव्हा ज्यांच्या झोपड्या तळ्याच्या काठी होत्या, ती माणसं कुठे गेली, कधी ऐकलंस तू?”

मी ऐकलं नव्हतं. शाळेत आम्हाला फक्त आटवणाऱ्यांची नावं शिकवली होती.

पुढचे दोन आठवडे पावलं रोज येत होती. मी रोज पुसत होते. एकदा भर दुपारी मागच्या भिंतीवर, बाहेरून, कुणीतरी तीनदा ठोठावलं. त्या भिंतीबाहेर एवढ्या उंचावर उभं राहायला चिमणीलाही जागा नाही. मला भीती वाटली, खोटं का बोलू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. खालून मंडळ म्हणतं निघ, वरून हे म्हणतात ये, आणि माझं घर मधे. मी भिंतीकडे तोंड करून ओरडले, “शब्द दिलाय ना? येईन. पंपाचं काम संपलं की येईन. घाई करायची नाही!”

ठोठावणं थांबलं.

मार्चच्या नऊ तारखेला ओबी नेहमीसारखा माझ्याकडून पाव न्यायला आला नाही. मी अकराच्या सुमारास त्याच्याकडे गेले. दार उघडं होतं. किटली कोमट होती. रात्रीपासून पडलेलं दव त्याच्या नऊही पायऱ्यांवर गोठून पांढरं झालेलं होतं आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं. उंबरठ्यावर करड्या चिखलात अनवाणी पावलांची गर्दी होती. तिच्यात एका बुटाचा ठसा होता. नालेतला मधला खिळा नसलेला. ठशाचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं, पंजा उंबरठ्याच्या अगदी काठावर. त्याच्यापुढे हवा.

चुलीजवळचा खिळा रिकामा होता.

पोलिसांनी चर गळ टाकून शोधले. फौजदार म्हणाला, म्हातारा मुलीकडे गेला असेल. ओबीला मुलगी नव्हती. हे मी तीनदा सांगितलं, त्याने तीनदा मान डोलावली आणि मुलीकडे असंच लिहिलं. मी घरी आले, माझी गाठ खिळ्यावरून काढली आणि बाहेर कडीला बांधली. सकाळी ती परत आत खिळ्यावर होती. आमच्याकडे दिलेला शब्द परत घेत नाहीत. त्यांच्याकडेही घेत नसावेत.

पंचवीस मार्चला दहा वाजता मंडळाचे लँगरिजसाहेब आले. सकाळपासून धुकं होतं, वरून पाचव्या पायरीच्या खालचं मला दिसत नव्हतं. गाडीचं दार वाजलं, मग बुटांचा आवाज, मग त्यांची टोपी.

“मिसेस सेचेल, पंपघराची किल्ली घ्यायला आलोय.”

“आणि मी द्यायला बसलेय असं वाटलं तुम्हाला?”

“हे बघा, तुमच्यावर कुणाचा राग नाही. टेकाडावरचं घर चांगलं आहे. नळ आहे. एकसुद्धा पायरी नाही.”

“म्हणूनच नको.”

“एका बाईसाठी अख्खा पंप चालवायचा का आम्ही?”

“तुम्ही कुठे चालवता? मी चालवते.”

ते खालची पहिली पायरी चढले आणि थांबले. खिशातून हुकमाचा कागद काढून त्यांनी उलगडला. कागदावर टप् करून थेंब पडला. मग दुसरा. त्यांनी वर पाहिलं. पाऊस नव्हता.

कागदावरचे थेंब करडे होते. एका थेंबात शिंपला होता.

“तुमच्याकडे वर कोण आहे?” त्यांनी विचारलं. आवाज बदलला होता.

“वर? मी आहे.”

“नाही. माझ्या डोक्यावर.”

मला ऐकू येत होतं. ओल्या पावलांचा आवाज, चपक, चपक, माझ्या उंबरठ्याच्या उंचीवरून, दारापुढून, धुक्यातून. पुष्कळ पावलं, पण डोळ्यांसमोर कुणी नाही. ती येऊन साहेबांच्या बरोबर वर थांबली.

साहेबांनी कागद पायरीवर ठेवला आणि ते उलट्या पावली मागे सरकले. गाडीचं दार वाजलं. इंजिन दोनदा खोकलं आणि आवाज टेकाडाच्या दिशेने गेला.

मागे फक्त माझ्या पंपाची धडधड राहिली.

मला खरं तर आत जाऊन दार लावायला हवं होतं. पण मी मनाशी म्हटलं, अकरा पायऱ्या माझ्या आहेत. मी एकेक उतरत गेले. खाली, काळ्या मातीवर दोन्ही पाय घट्ट रोवले आणि वर पाहिलं.

तळवे होते.

भेगाळलेले, पांढरे पडलेले, लहान, मोठे. बोटांच्या बेचक्यांत पाणवनस्पती. वीस-पंचवीस माणसांचे. कुणी हलत नव्हतं.

त्यांच्यात बुटांचा एक जोड होता. डाव्या नालेतला मधला खिळा नव्हता.

“ओबी,” मी म्हटलं.

डावा बूट जरासा सरकला, शेजारच्याला जागा करून द्यावी तसा.

शेजारी बायकी बूट होते. डाव्या टाचेला सायकलच्या टायरचं ठिगळ. मी खिळे मोजले. सात. सातवा वाकडा.

मी माझा डावा पाय उचलला नाही. उचलून पाहायची मला गरज नव्हती. मी मोठ्याने, धुक्याला ऐकू जाईल असं म्हटलं, “आधी पंपाला तेल घालायचंय,” आणि मान खाली घालून पंपघराकडे चालू लागले. माझ्या डोक्यावर, पावलाला पाऊल जुळवत, बुटांचा एकच जोड चालत आला, डाव्या टाचेचा आवाज रबरी.

घरी परतले तेव्हा चुलीजवळचा खिळा रिकामा होता. शब्दाप्रमाणे या घरातून एक माणूस गेला होता. मग पंपघराची किल्ली खिशातून काढली आणि त्या खिळ्याला अडकवली.

आज जूनची चार तारीख आहे. मंडळाचं दुसरं पत्र आलेलं नाही. चर कोरडे आहेत, बीट चांगलं आलंय. मी रोज सकाळी पायऱ्या घासते आणि किल्ली घेऊन पंपावर जाते. पंपाला आधीच तेल घातलेलं असतं. किल्ली घ्यायला जाते तेव्हा ती खिळ्यावरच असते, जागच्या जागी, आणि ओली.