अंगठ्यावरचे ओरखडे

पहिल्याच दिवशी तो माझ्याशी खोटं बोलला आणि मला ते तीन आठवड्यांनी कळलं. बाबा मला लहानपणापासून इन्स्पेक्टर म्हणतात, आणि तरीही इतका उशीर! कारण एवढंच... तो हसायचा फार छान.

मासेमारीच्या सामानाचं आमचं दुकान तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. त्या दिवशी बाहेर भुरभुर चालू होती आणि मी एकटीच काउंटरवर होते. तो आत आला, पायपुसण्यावर बूट दोनदा घासून गळाला लावायच्या मऊ प्लास्टिकच्या गांडुळांच्या बरण्यांसमोर उभा राहिला.

"यातलं कुठलं घेऊ?"

"पकडायचं काय आहे?"

"बास मासा. तेही काठावरूनच. होडी नाही माझ्याकडे."

"आधी कधी पकडलाय?"

त्याने बरण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही... तसा नवीनच आहे मी."

झालं! मी सांगतच सुटले. पाणी गढूळ असेल तर गडद जांभळं गांडूळ, स्वच्छ असेल तर मातकट हिरवं. काठालगत गवत माजलेलं असतं, म्हणून हुकाची अणी गांडुळाच्या अंगात लपवायची – म्हणजे ती गवतात अडकत नाही, आणि मासा चावला की बरोबर बाहेर येते. माझे दोन्ही हात हवेत मासे पोहवत होते आणि तो मान हलवत ऐकत होता. मागच्या खोलीतला चहा उतू गेला तेव्हा कुठे मी थांबले.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. किती वजनाचं शिसं, किती लांब हूक, गांडूळ ओढायचं की नुसतं थरथरवायचं – प्रश्न संपेनात. मी त्या दिवशी केस जरा नीट विंचरले होते, हा निव्वळ योगायोग. निघता निघता दारात थांबून तो म्हणाला, "आणि समजा... गांडूळ मधोमध टोचलं तर?"

माझ्या मनात पाल चुकचुकली.

मधोमध टोचलेलं गांडूळ ही बाबांची बांधणी. मध्ये हूक आणि डोक्यात एक बारीक खिळा, की गांडूळ तळाशी डोक्यावर उभं राहून शेपूट हलवतं आणि सुस्तावलेला मासाही धावून येतो. कापून पाहिलं तर खिळा दिसतो, पण तो किती आत आणि किती तिरका खोवायचा, हे फक्त बाबांना ठाऊक, आणि मला. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, बाबा पाठ फिरवूनच बांधतात. समोर याच सामानाचं मोठं चकचकीत दुकान उघडल्यापासून आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. उरलेली येतात ती या बांधणीसाठी. ती फुटली, तर आमच्या दुकानाला टाळं लागलंच म्हणून समजा.

त्यात मंगळवारी मी काच पुसत होते, आणि समोरच्या दुकानातून कोण बाहेर पडावं? हाच! मालक दारापर्यंत सोडायला आलेला, खांद्यावर हात ठेवून. नवशिक्या म्हणे!

मी सापळा लावला. शनिवारी तो आल्यावर गोड आवाजात सांगितलं, "सगळ्यात जड शिसं घ्या. हुकाची अणी उघडी ठेवा. आणि बरोबर गवतात टाका." पहिल्या दिवशी सांगितलं त्याच्या अगदी उलट. खरा नवशिक्या असेल तर मुकाट्याने ऐकेल, सगळं गवतात गमावेल आणि तणतणत परत येईल. समोरच्यांचा माणूस असेल तर असलं काही करणारच नाही.

त्याने क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिलं. "गवतात?"

"हो. अगदी मधोमध."

"बरं." आणि चक्क हसला.

आठवड्याने तो आला. तणतणत नाही, शीळ घालत. "तुम्ही सांगितलं तसंच केलं. एकही मासा नाही. उद्या सकाळी पुन्हा तळ्यावर बघतो." पिशवी घ्यायला त्याने हात पुढे केला, आणि मला त्याचा अंगठा दिसला.

अंगठ्याच्या पेरावर बारीक बारीक ताजे ओरखडे होते. बासच्या तोंडात दात असतात ते पॉलिश पेपरसारखे खरखरीत. त्याचा खालचा जबडा अंगठ्याने धरूनच मासा उचलायचा असतो. दोन-तीन मासे उचलले की अंगठा असा सोलवटतो. बाबांच्या हातावर ही खूण मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

"हे काय झालं?"

त्याने हात खिशात घातला. "काचा घासतो ना मी. चष्म्याच्या दुकानात."

"आणि काचा घासताना नुसता अंगठा सोलतो?"

"...माझा सोलतो."

तो गेल्यावर मी बराच वेळ बरण्यांची झाकणं उगाच घट्ट करत बसले. राग त्याचा आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा. मला तो आवडायला लागला होता. शनिवारची वाट बघत होते मी. आणि तो बाबांच्या जन्मभराच्या कमाईवर डोळा ठेवून होता.

रविवारी सकाळी बाबांना म्हटलं, "मावशीकडे जाऊन येते," आणि थेट तळं गाठलं. जुन्या पंपघराच्या भिंतीआड उभी राहिले. आज याला हातोहात पकडायचं!

तो काठावर होता. शेजारी दोन रॉड. त्याने एक उचलला, फेकला – आणि मी बघतच राहिले. सगळ्यात जड शिसं. उघडी अणी. बरोबर गवताच्या मधोमध. हूक अडकला. त्याने ओढलं, दोरी तुटली. खाली बसून त्याने तेच सगळं पुन्हा बांधलं, पुन्हा गवतात फेकलं. पुन्हा तुटलं. चारदा! तिथे बघणारं कुणी नव्हतं, तरी हा माणूस माझा वेडपट सल्ला इमानेइतबारे पाळत होता.

मला राहवलं नाही. "अहो, काय चाललंय काय?"

तो दचकला, मग ओशाळला. "तुमच्या पद्धतीने तासभर करतो. म्हणजे शनिवारी सांगताना खोटं बोलावं लागत नाही. मग दुसऱ्या रॉडने... माझ्या पद्धतीने."

"म्हणजे तुम्हाला सगळं येतं!"

"दहा वर्षं पकडतोय."

"मग नवीन आहे म्हणून का सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या आवडीने विचारलंत... हो म्हटलं असतं तर तुम्ही पिशवी हातात दिली असती आणि मी घरी गेलो असतो." तो पाण्याकडे बघत म्हणाला. "तुम्ही सांगताना हातांनी मासे पोहवता. ते बघायला येतो मी."

माझे कान तापले. पण मी बाबांची इन्स्पेक्टर. "आणि समोरच्या दुकानात काय करत होतात?"

"मालकाचा चष्मा द्यायला गेलो होतो."

"मधोमध टोचण्याचं का विचारलंत?"

"बाकीचे प्रश्न संपले होते हो!"

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याची पेटी ओढून बसले, एक जांभळं गांडूळ घेतलं आणि पर्समधून बारीक खिळा काढला. दुकानाचा निम्मा जीव माझ्या चिमटीत होता.

त्याने खिळा पाहिला आणि झटकन पाठ फिरवली. "नको. तुमच्या वडिलांची गुपित बांधणी आहे ना ती, तळ्यावर ऐकलंय. मी बघणार नाही."

त्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघताना माझा उरलासुरला संशय विरघळून गेला.

"वळा इकडे."

"नक्की?"

"वळ म्हटलं ना! मला तू आवडतोस, म्हणून दाखवतेय."

तो वळला. बराच वेळ त्याने खिळ्याकडे पाहिलंच नाही.

त्या दिवशी मला तीन बास लागले. तिन्ही पाण्यात सोडले.

घरी बाबा टेबलाशी दोरी गुंडाळत बसले होते. मी पाणी प्यायला पेला उचलला. त्यांनी माझा हात धरला आणि उताणा केला.

"मावशीकडे बास असतात वाटतं?"

मी अंगठा लपवला, पण उशीर झाला होता. आज इन्स्पेक्टर तेच होते.

"बाबा... मी आपली बांधणी एकाला दाखवली."

त्यांच्या हातातली दोरी थांबली.

"त्याने मागितली होती?"

"नाही. त्याने पाठ फिरवली होती. मीच वळायला लावलं."

बाबांनी पुन्हा माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्यांनी दोरी पुन्हा गुंडाळायला घेतली.

"उद्या घेऊन ये त्याला. तू खिळा कायम सरळ खोवतेस, पोराला चुकीचं शिकवून आली असशील."