आवाज-फेरी

गिरीजच्या त्या घरातलं गोडं तेल आठवड्यात संपतं कसं, हा प्रश्न घेऊन सुनंदा बुधवारी संध्याकाळी पुन्हा दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. घरात माणसं चार. त्यातल्या जीनाला तळलेलं चालत नाही, एरॉलला पथ्य आणि शत्रुघ्न तर कालवणात भात बुडवला की खूश. दुकानदारानं पिशवी पुढे करत विचारलं, "रोज वडे तळता काय ओ?" सुनंदानं पैसे मोजून दिले. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

घर बावखलाच्या काठी, केळीच्या वाडीत. एके काळी त्या तळ्याचं पाणी रहाटानं वाडीला जायचं. आता रहाट नाही, तळं मात्र आहे, हिरवंगार आणि गप्प. घरमालक गुरुदत्त चुरी यांची अनसूया आत्या तिथं एकटी राहायची. ती गेल्यावर घर बंद पडलं आणि मग एका ट्रस्टनं भाड्यानं घेतलं. मनाच्या आजारातून सावरलेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या माणसांसाठी. मालकाची अट एकच होती. हॉलमधला आत्याचा फोटो काढायचा नाही. फोटोतली आत्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे आणि त्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नाही. केळीचा लोंगर उतरवताना कोयत्यानं गेलं, असं म्हणतात.

सुनंदा मूळची उमेळ्याची, वय बावन्न. घर सांभाळायला येऊन तिला महिना होत आला होता. मुलाखतीत ट्रस्टच्या दिपिका मॅडमनी विचारलं होतं, "तुम्हाला भीती नाही ना वाटणार?" सुनंदा म्हणाली, "माणसांची नाही वाटत." ते खरंच होतं. भुताखेतांचं मॅडमनी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगत बसायची तिला सवय नव्हती.

तेल घेऊन ती फाटकातून आत आली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. एरवी या वेळी ती मागच्या स्वयंपाकघरात असायची. तुळशीपाशी पाहते तर शत्रुघ्नची पणती तेवते आहे. ओट्याच्या कोपऱ्यात एरॉलची मेणबत्ती. खिडकीत जीनाचा दिवाळीतला बॅटरीचा दिवा. तिघांनी तीन ठिकाणी, एकमेकांना न दाखवता लावलेले. पणती तेलानं काठोकाठ भरलेली होती, तेव्हा तेलाचा पत्ता लागला. आता शत्रुघ्नला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ती मनात म्हणते आहे तोच केळीच्या आडून, तळ्याच्या बाजूनं, म्हातारीचा आवाज आला.

"दिवा लावला का गो…"

शेजारची जयवंती असेल म्हणून सुनंदा म्हणाली, "लावलाय हो, एक सोडून तीन." मग मान वळवली. तळ्याच्या काठी कुणीच नव्हतं. ओल्या चिखलाचा आणि पिकलेल्या केळ्यांचा वास तेवढा आला, आणि दुसरं एकही पान हलत नसताना एकच पान हललं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण भुताचं नंतर सुचलं. आधी तिला वाटलं, लागला आपल्याला हा आजार. असलं काही संसर्गानं लागत नाही, हे मॅडमनी तीनतीनदा सांगितलं होतं. पण मॅडम राहतात चंदनसारला. इथं भांडी घासायला कुठे असतात?

गुरुवारी आवाज आला. शुक्रवारीही आला. शुक्रवारी मात्र तिच्यानं राहवेना. या घराचा एक नियम होता. कुणालाही आवाज ऐकू आला की लपवायचं नाही, आवाज-फेरी घ्यायची. सगळ्यांनी गोल बसायचं, ज्याला ऐकू आलं त्यानं सांगायचं, इतर कुणी ऐकलं असेल तर त्यानं हात वर करायचा. हातांचा आकडा वहीत लिहायचा. एकच हात असेल तर आवाज आतला. मग चहा करायचा आणि आवाज जाईपर्यंत कुणीतरी शेजारी बसून राहायचं. खोटा हात वर करायचा नाही, खरा हात खाली ठेवायचा नाही आणि आवाजाबरोबर कुणाला एकटं सोडायचं नाही.

"फेरी घ्यायची आहे," सुनंदा खाली बघत म्हणाली. "माझी."

तिघं लगेच येऊन बसले. जीना पूर्वी शाळेत शिकवायची, तिनं वही उघडून समास आखला. एरॉल तुस्कानो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. मग अकरा वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात गेली. आवाजांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

"बाईचा की पुरुषाचा?" त्यानं डॉक्टरसारखं विचारलं.

"बाईचा. म्हातारीचा."

"घाबरू नका हां. आतला असला ना, तर कानाच्या मागनं येतो. बाहेरचा पुढनं येतो. तुमचा कुठनं आला?"

"तळ्याकडनं."

एरॉलचा चेहरा जरासा बदलला. "काय बोलते?"

"दिवा लावला का, विचारते."

जीनाच्या हातातलं पेन थांबलं. मग मिठागरात आयुष्य घालवलेला, दिवसाला चार शब्द बोलणारा शत्रुघ्न म्हणाला, "पान्याकडनंच येतो तो आवाज," आणि त्यानं हात वर केला. मागोमाग जीनानं. शेवटी एरॉलनं.

दहा महिने. दहा महिने तिघंही रोज तो आवाज ऐकत होते आणि तिघांनीही तोंडातून ब्र काढला नव्हता. प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच पुन्हा सुरू झालं. सांगितलं तर गोळ्या वाढतील, मग वॉर्ड. म्हणून ज्यानं त्यानं गुपचूप दिवा लावून तिचं तोंड बंद करायचा मार्ग शोधला होता.

"म्हणजे…" एरॉल हळूच म्हणाला, "म्हणजे हे भूत आहे."

"चार हात आहेत," जीना म्हणाली. "आजार नाहीये हा. भूतच आहे."

"थँक गॉड," एरॉल म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जीना हसायला लागली ती थांबेना. शत्रुघ्ननं सगळ्यांसाठी चहा टाकला, तोही आपणहून. एखाद्या घरात भूत निघाल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. सुनंदाची मात्र पाचावर धारण बसली होती. आजार परवडला असता, तिच्या मनात आलं. त्याला निदान गोळ्या आहेत.

आनंद रात्रीपुरता टिकला. शनिवारी गुरुदत्त चुरी येणार होते. करार महिनाअखेर संपत होता आणि पुढचा करायचा की नाही ते ठरवायला ते स्वतः येत होते. तिन्हीसांजेला तुमचे भाडेकरू हवेशी बोलतात, असं जयवंतीनं त्यांच्या कानावर घातलं होतं. हे घर मिळण्याआधी दिपिका मॅडम सतरा सोसायट्यांचे जिने चढल्या होत्या. सतरा ठिकाणी चहा मिळाला, घर मिळालं नाही. हे घर गेलं तर तिघांनाही वॉर्ड, दुसरं काही नाही. एरॉल रोज झोपताना आपल्या खोलीची कडी दोनदा लावून बघायचा. "तिकडे कडी बाहेरनं असते," त्यानं सुनंदाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तेव्हा असं ठरलं की साहेबांसमोर आवाज आला तर कुणी ऐकायचा नाही. नियमाविरुद्ध आहे, असं जीना कुरकुरली, पण तिनंही मान डोलावली.

साहेब पाचला येणार होते, ते पावणेसातला आले. चौघांनी साडेपाचलाच दिवे लावून ठेवले होते. पणत्या सहा, मेणबत्त्या चार आणि जीनाचा बॅटरीवाला. म्हातारीला विचारायला जागाच ठेवायची नाही, हा बेत. साहेब ओट्यावर थबकले. "आज काय आहे?"

"काही नाही," सुनंदा म्हणाली. "डास फार झालेत."

साहेब बसले. आत्याच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही. सुकवलेल्या केळ्याचा, सुकेळीचा एक तुकडा तोंडात टाकून त्यांनी घसा खाकरला. "माझं वैयक्तिक काही म्हणणं नाही. पण शेजारी बोलतात. इथली माणसं संध्याकाळी कुणाशी तरी…"

लाइट गेली. सुनंदानं उशाशी ठेवायची टॉर्च पदराखालून काढली. तेवढ्यात तळ्याकडून वाऱ्याचा एक झोत आला आणि ओट्यावरच्या पणत्या, मेणबत्त्या एका ओळीत विझत गेल्या. चिखलाचा वास घरात शिरला.

"गुरू…" तळ्याकडून आवाज आला. "दिवा लावला का रे…"

साहेबांचा कप ओठांपाशी थांबला.

"कुणी… हाक मारली का?"

तिघांनी जमिनीकडे पाहिलं. सुनंदानं टॉर्च खाली वळवली. ठरल्याप्रमाणे सगळं अगदी व्यवस्थित चाललं होतं.

"तुम्हाला काहीच ऐकू नाही आलं?" साहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले. हसू जमलं नाही. "आत्या गेली तेव्हा घराला कुलूप लावायला आलो होतो. तेव्हाही… मी घरी कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. म्हटलं, डोकं फिरलं आपलं. म्हणून घर भाड्यानं दिलं, परत तिन्हीसांजेला इकडे फिरकलो नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "मलाच होतंय म्हणजे. मला एकट्यालाच."

त्या सुरातलं ते 'एकट्यालाच' या घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. एरॉलनं एकदा आपल्या खोलीच्या दाराकडे, आतल्या कडीकडे पाहिलं. करार, वॉर्ड, अकरा वर्षं, सगळं त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. सुनंदानं त्याला अडवलं नाही.

"जीना, वही काढ," तो म्हणाला. "साहेब, फेरी घेऊ या. ज्यानं ज्यानं ऐकलं, त्यानं हात वर करा." आणि त्यानं पहिला हात वर केला.

टॉर्च सुनंदाकडे होती म्हणून वहीही तिनंच घेतली. डाव्या हातात टॉर्च, उजव्या हातात पेन, वही मांडीवर. तिनं उजेड वरून फिरवत हात मोजले आणि 'पाच' लिहिलं. खोलीत माणसं पाच. हिशेब बरोबर होता.

साहेब स्वतःचा वर केलेला हात बघत लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, करार करू, अकरा महिन्यांचा, आणि पुढेही करू. दर शनिवारी फेरीला आलो तर चालेल का, असंही विचारलं. जीना म्हणाली, चालेल, पण वेळेवर यायचं.

लाइट आली, साहेब गेले. सुनंदाचा जीव भांड्यात पडला होता. ती गुणगुणत कप विसळत होती. एका हातात कप, दुसऱ्या हातात घासणी. ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली आणि गुणगुणणं थांबलं. मघाशीही तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. तिनं हात वर केलाच नव्हता. मग हात चार व्हायला हवे होते.

आता तिला आठवलं, टॉर्चच्या उजेडात एका हाताची करंगळी आखूड दिसली होती. मिठागरात गेली असेल शत्रुघ्नची, असं तेव्हा तिच्या मनात येऊन गेलं होतं. शत्रुघ्न शेजारीच बशा पुसत होता. त्याची दहाही बोटं पुरती होती.

तिनं एरॉलला बोलावून हलक्या आवाजात सगळं सांगितलं. त्यानं फोटोकडे पाहिलं, खुर्चीवरच्या त्या हाताकडे पाहिलं.

"आत्या खोटा हात वर करणार नाही," तो म्हणाला. "नियम तिला पण माहीत झालाय, दहा महिने बघतेय. म्हणजे तिनं पण आवाज ऐकला."

"मग?"

"मग ती तर आत बसली होती, आपल्यात. बाहेरनं मग कोण…"

तो उठला, पुढच्या दाराची कडी आतून लावली आणि दोनदा ओढून बघितली. तळ्याच्या बाजूनं, रोजच्यापेक्षा जरा जवळून, कुणीतरी विचारलं, "दिवा लावला का गो…"

भिंतीवरचा फोटो हलकेच कलला, जसं कुणी हात वर करताना कोपर लागावं.