पेटीतला नंबर

"फोन पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. तरी नंबर गेला," धुरपताबाई म्हणाल्या. "आता बाया म्हनायल्यात, मीच इकला."

परभणीतल्या त्या लहानशा ऑफिसात शुभदा शांतपणे ऐकत होती. खाजगी तपासाचं काम तिचं. सोबतीला रामकिशन, निवृत्त हवालदार. त्याला उत्तर पहिल्याच वाक्यात सापडलं होतं. कुलूप शाबूत, किल्ली गळ्यात, म्हणजे चोर समोरच बसलेली. फक्त बाईंची नजर बघून त्याने ते बोलून दाखवलं नाही.

धुरपताबाई चारठाण्याच्या शेळीपालन गटाच्या अध्यक्ष. बोकडांची सगळी गिऱ्हाइकं गटाच्या एकाच नंबरवर फोन करीत. रविवारी भर दुपारी हैदराबादच्या व्यापाऱ्याने तो फिरवला, तर त्याच्याच सांगण्यानुसार कुणी पुरुष बोलला, "गट बंद पडला. वालूरच्या नागनाथशेठकडं जा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सांजच्याला. त्या दिशी पहाटपासून टॉवर बंद. गावात कुनालाच रेंज न्हाई, म्हनून तर फोन पेटीत टाकला. दिवेलागणीला समद्यांची रेंज आली, गटाच्या नंबरची न्हाई." त्या थांबल्या. "उद्या बैठक हाय. राजीनामा मागायल्यात. चोर म्हनून तर मी मुळीच देत न्हाई."

दुपारी दोघं शुभदाच्या जीपने वालूरला पोहोचले. नागनाथशेठ बोकडांचा मोठा दलाल. "गिऱ्हाईक आपल्या पायानं आलं, तर हाकलून देऊ काय?" तो हसला. "रविवारी मी इथंच व्हतो. बाईला म्हनावं, नंबर सोड, माल मला दे."

चारठाण्यात गटाची सचिव सविता घुश्शातच होती. "नंबरच्या खात्याचा पासवर्ड दोघांनाच ठावं. मला, अन् खातं उघडून देनाऱ्या अमृतला. पन सिम तर बाईच्या कुलपात व्हतं ना?"

"रविवारी तुम्ही कुठे होता?"

"भाचीच्या लग्नात, हितंच. दिवसभर पंगतीत वाढायले व्हते. अर्ध्या गावाला इचारा."

अमृतचं मोबाईलचं दुकान वेशीजवळ. "गटाला मीच सुचवलं, मॅडम. फोन आपला, कंपनीकडून निस्ता नंबर. धंद्याला लय स्वस्त पडतंय."

"रविवारी दुकान उघडं होतं?"

"व्हतं की. लग्नाचे पाव्हणे. सकाळपासून निस्ते रिचार्ज मारायलो व्हतो."

परतताना रामकिशन म्हणाला, "मॅडम, पेटी बाईंनीच उघडली."

"पेटी कुणीच उघडली नाही, दादा."

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात बैठक भरली. गटाच्या बायांसोबत सरपंच आणि अमृतही आले होते. शुभदाने गटाचा फोन रामकिशनच्या हातात ठेवला. "यातलं सिम काढा."

त्याने सेफ्टीपिनने खाचेतली पट्टी बाहेर ओढली. पट्टी रिकामी. बायांत कुजबुज झाली.

"चोरायला कार्ड नव्हतंच," शुभदा म्हणाली. "हे ई-सिम. नंबर फोनच्या आतच उतरवलेला असतो. खात्याचा पासवर्ड असला, की कोड मागवून तोच नंबर दुसऱ्या फोनवर उतरवता येतो. मग इथला आपोआप बंद पडतो. कुलूप, किल्ली, सगळं जागच्या जागी."

"मंग सविता?" कुणीतरी म्हणालं.

"नंबर उतरवायला इंटरनेट लागतं. रविवारी दुपारी तो दुसरीकडे बोलत होता, आणि पहाटेपासून चारठाण्यात इंटरनेटच नव्हतं. सविताताई दिवसभर पंगतीत होत्या. म्हणजे पासवर्ड माहीत असलेला दुसरा माणूस, आणि तोही गावाबाहेर." ती वळली. "अमृत, टॉवर बंद असताना तू रिचार्ज कसे मारलेस?"



"त्याचं दुकान तर बंदच व्हतं," मागून एक म्हातारी म्हणाली. "मी दोनदा जाऊन आले."

"तो परतला तेव्हा रेंज आलेली होती. टॉवर इथे नेहमीच जातो, त्यामुळे दिवसभर तो बंद होता हे त्याला कुणी मुद्दाम सांगितलंही नाही," शुभदा म्हणाली.

अमृत खाली बसला. "नागनाथशेठ म्हनला, जिंतूरला मोठं दुकान टाकून देतो. वालूरला त्याच्याच फोनवर उतरवून दिला."

सरपंचांनी घसा साफ केला. "पोरगं आपल्याच गावचं हाय. नंबर परत देईल. मिटवून टाका, बाई."

धुरपताबाई उठल्या. "मला चोर म्हनायले तवा कुनी मिटवा म्हनलं न्हाई, सरपंच." मग बायांकडे वळल्या. "अध्यक्ष बदलायचा तर खुशाल बदला. मी जिंतूरच्या ठान्यात चालले, फिर्याद द्यायला. त्या शेठवर बी."

मग सविताने मान खाली घालून चपला पायात सरकवल्या. तिच्यामागे दुसरी उठली, तिसरी उठली.

रामकिशन जीपपाशी पोहोचला, तेव्हा शुभदा स्टिअरिंगवर होती आणि आत बायांच्या गर्दीत त्यालाच जागा उरली नव्हती.