विधुर : बुऱ्हाणपूर

भाईदासांच्या विवाह संस्थेचं काम हाती घेतलं तेव्हा उन्हाळा लागला होता. बुऱ्हाणपूरपासून खकनारपर्यंतची स्थळं त्यांना कॉम्प्युटरवर शोधायची होती. काम तसं साधंच. वय, शिक्षण, गाव, असे रकाने. जो भराल त्याची अट क्वेरीत, म्हणजे शोधाच्या आज्ञेत, जोडायची, रिकामा राहिला तर ती अट सोडून द्यायची. शोधायचं बटण नाहीच. एक अक्षर टाकलं की यादी आपोआप बदलणार.

अर्धं काम आधीच झालेलं होतं. कोकिळानं केलेलं. कोकिळा म्हणजे माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची, पहिली बायको. तापानं गेली.

"तिचा कोड बघ, किती साफ आहे," श्रीकांत म्हणायचा. "एक ओळ फालतू नाही."

एरवी तो तिची आठवण काढत नसे. तिच्या हातच्या भाजीचं कौतुक केलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण कोड लिहिणं माझं होतं. तिथेही तीच आधी बसलेली.

एका दुपारी तो बाजारात गेला होता. लाइट गेली, गल्लीतले कापडाचे लूम थांबले आणि आमचा सगळा सिंधीपुरा मोहल्ला मुका झाला. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. मी तिचं सगळं पुसून टाकलं आणि माझं लिहिलं.

सगळे रकाने रिकामे ठेवून चालवलं. सगळी मुलं दिसली. बरं वाटलं.

मग यादी लहान होऊ लागली.

माझे हात मांडीवर होते. गावाच्या रकान्यात अक्षरं उमटत होती... सावकाश, विचार करून टाकल्यासारखी. बुऱ्हाणपूर. नावं गळाली. मग शिक्षण. मग वय. मानेजवळ ओल्या केसांचा, शिकेकाईचा वास आला. मागे वळून बघवेना.

शेवटी एकच नाव उरलं. श्रीकांत. विधुर. त्याखाली दिवंगत पत्नीचं नाव होतं. तृप्ती. माझं.

मी लॅपटॉप मिटला तो श्रीकांत येईपर्यंत उघडला नाही. घडलं ते सांगितलं, तेव्हा त्यानं उघडून पाहिलं.

"कुठे काय? यादी तर बरोबर आहे." मग तो कोड वाचू लागला. वाचता वाचता थांबला. "हे तू लिहिलंस?"

"हो."

"खोटं नको बोलू... हा कोकिळाचा हात आहे."

त्याचे डोळे भरून आले होते. खरं तर मला भीती वाटायला हवी होती. मला तिचा हेवाच वाटला.

काम तसंच देऊन टाकलं. आज भाईदासांचा फोन आला.

"ताई, एक पूछना था. सिंधीपुऱ्यातल्या श्रीकांत नावाच्या विधुरासाठी काल दुपारी एका बाईचा फोन आला. हे स्थळ दुसऱ्या कुणाला दाखवू नका, म्हणाली."

"कोण बाई?" मी विचारलं.

"नाव नाही सांगितलं. एकदम हळू बोलत होती. तुम्हीच ओळखत असाल म्हणून विचारलं... तिच्या मागून तुमचा आवाज येत होता ना. काहीतरी गुणगुणत होतात तुम्ही."

काल दुपारी मी घरात एकटीच होते. केस विंचरत, गुणगुणत होते.