वरच्या खोलीतलं एक मिनिट

भिंगरीला वाटलं होतं, हा माणूस शिडशिडीत असेल, अबोल असेल, तोंड उघडण्याआधी समोरच्याकडे नीट बघणारा असेल. त्याने चित्रित केलेल्या लग्नांच्या फिल्म्स तिने दूर देशी शिकत असताना वसतिगृहाच्या खोलीत बसून पाहिल्या होत्या. त्यांत कोणी कॅमेऱ्याकडे बघून हसत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ वाकून चष्मा शोधत होते, एक काकू कोपऱ्यात उभ्या उभ्या डुलक्या काढत होत्या, आणि सगळ्यामागे घराचा खराखुरा आवाज होता. भांड्यांचा, कुजबुजीचा, दाराच्या बिजागरीचा. तेव्हाच तिने ठरवलं होतं, आपल्या लग्नाला हाच माणूस.

प्रत्यक्षात दारातून आधी पोट आत आलं, मागून आवाज, आणि सगळ्यात शेवटी तो. त्याला सगळे रेडिओ म्हणत. का म्हणत, हे पहिला चहा संपेपर्यंत कोणालाही कळत असे.

"ताई, तुम्हाला जिना उतरताना घेऊ. सावकाश. इतकं सावकाश की बघणाऱ्याचं जेवण उरकेल."

"मला काही सावकाश नकोय," भिंगरी म्हणाली. "जे घडेल ते घ्यायचं. कोणाला उभं करायचं नाही, हसा म्हणायचं नाही. आणि नंतर कोणाला कापून टाकायचं नाही."

"ताई, लग्नात जे घडतं ना, तेच तर कोणाला बघायचं नसतं."

आई खो खो हसली. बाबा हसले नाहीत. 'कापून टाकायचं नाही' हा टोला आपल्यासाठी होता, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

तो टोला आत्यावरून होता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. एके काळी ती याच घरात, वरच्या खोलीत राहायची. भिंगरी लहान असताना तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा आजोबांनी दार लावून घेतलं आणि बजावलं, "या घरात तिचा आवाज पुन्हा ऐकू येता कामा नये." आजोबांना जाऊन वर्षं लोटली. त्यांचं ते वाक्य मात्र भाडं न देता घरात राहत होतं. बाबा घरात एरवी मुंगीलाही वाट करून देणारे. पण बहिणीचा विषय निघाला की त्यांच्या तोंडाला कुलूप लागे. भिंगरीला 'भिंगरी' हे नाव त्या आत्याने ठेवलेलं. परदेशात असताना चोरून फोन करून तिला धीर दिला तोही आत्यानेच. आत्या लग्नात समोर बसलेली हवी, एवढंच भिंगरीचं मागणं होतं. मागच्या महिन्यात आत्याला छातीच्या दुखण्याने दवाखान्यात ठेवलं होतं. भिंगरीने ते सांगितलं, तेव्हा बाबा पानावरून उठून गेले होते.

"अण्णांना शब्द दिलाय मी," एवढंच ते म्हणत. ते आणि आत्या आजोबांना अण्णा म्हणत, आणि आत्याला ते अक्का.

"आजोबा नाहीत आता, बाबा."

"शब्द आहे ना."

लग्न घरच्या घरी, मोजक्या माणसांत व्हायचं होतं, म्हणून रेडिओ जागा बघायला आला होता. उजेड कुठून येतो, माणसं कुठे बसतील, सगळं बघून झालं. मग त्याने पिशवीतून एक लहानसं यंत्र आणि मोठाले हेडफोन काढले.

"आता घराची शांतता घेऊ."

"काय घेऊ?" आईने विचारलं.

"शांतता, काकू. प्रत्येक खोलीची वेगळी असते. नंतर जोडकाम करताना आवाजात मध्ये मध्ये भोकं पडतात. ती बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते. साडीला दुसऱ्या साडीचं ठिगळ शोभतं का? तसंच. फक्त एक मिनिट कोणी बोलायचं नाही. फ्रिज बंद, पंखे बंद, सगळं बंद."

भिंगरी मनातून हरखली. हाच तो माणूस, ज्याच्या फिल्म्सनी तिला रडवलं होतं. ती घरभर फिरून एकेक बटण बंद करत गेली. पंखे गरगरत थांबले. फ्रिजची घरघर एक उचकी देऊन बंद पडली. घराला इतके आवाज असतात हे ते गेल्यावरच तिला जाणवलं. बाहेर ढग भरून आले होते, संध्याकाळ वेळेआधीच खिडकीशी येऊन उभी होती. आईने खुर्ची सरकवली.

"श्श, काकू," रेडिओ म्हणाला.

"माझ्याच घरात मला श्श?" आई पुटपुटली. मग तीही गप्प झाली आणि रेडिओने यंत्र सुरू केलं.

खालच्या खोल्या झाल्या. उरली वरची. लग्नाच्या दिवशी भिंगरी तिथेच तयार होणार होती.

किल्ली बाबांकडे होती. त्यांनी ती मुकाट्याने काढून दिली आणि सगळ्यांच्या मागून जिना चढले. कुलूप कुरकुरलं, दार उघडलं. बंद खोलीचा वास आला. धूळ, जुना कापूस, डांबराच्या गोळ्या. आणि त्या सगळ्याच्या वर, कोणी आत्ताच बाटली उघडावी तसा, निलगिरीच्या तेलाचा वास. आई आणि भिंगरीने एकमेकींकडे पाहिलं. आत्या रात्री छातीला निलगिरी चोळायची... पण ते केव्हाचं.

खोलीत एक पलंग, एक रिकामं कपाट, आणि कधीची न उघडलेली खिडकी. बाकी काही नव्हतं. रेडिओ दारात उभा राहिला. त्याच्या मागे भिंगरी, मग आई, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बाबा.

"आता एक मिनिट कोणी बोलायचं नाही," रेडिओ म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

एक मिनिट फार मोठं असतं. भिंगरीला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. खोलीत काही हललं नाही. पलंगावरची गुंडाळलेली गादी तशीच होती. उजेड मात्र तेवढ्यात आणखी एक पायरी उतरला.

अचानक रेडिओने डोळे उघडले. त्याने पलंगाकडे पाहिलं. मग मागे वळून तिघांकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे, आणि यंत्र बंद केलं.

"कोण खोकलं?"

"कोणीच नाही," भिंगरी म्हणाली.

"ताई, खोकलं कोणीतरी..."

त्याने हेडफोनची वायर काढली आणि यंत्राचा आवाज वाढवला. आधी नुसती सूं सूं. मग लाकूड हलकेच करकरलं, कोणी पलंगावर कूस बदलावी तसं. मग खोकला. कोरडा, दोनदा. मग बोलण्याआधी घसा साफ करावा तसा एक खाकरा, आणि बाईचा दबका आवाज...

"भिं..."

पुढचं आलं नाही. त्याच्यावर कोणीतरी "श्श्श..." केलं, लांब, आणि मग पुन्हा एक तुटकं "श्श." मग उरली ती नुसती शांतता.

ज्याच्या तोंडाचा पट्टा दुपारपासून थांबला नव्हता तो रेडिओ नुसता ओठ चाटत उभा होता. भिंगरीने तो खोकला फोनवर इतक्यांदा ऐकला होता की शंकेला जागाच नव्हती. मेलेल्या माणसांचे आवाज असे घराकडे परत येतात, असलं काही ती मानत नव्हती. ती शिकलेली होती. पण त्या क्षणी तिचं शिक्षण खालच्या मजल्यावरच राहिलं होतं.

बाबा जिन्यावर मटकन बसले.

"गेली," ते म्हणाले. "अक्का गेली... निरोप घ्यायला आली होती. आणि मी दारात उभा होतो नुसता..."

"बाबा, थांबा." भिंगरीने फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद झाली. कोणी उचलला नाही.

आईने भिंतीला हात टेकला. खाली कुठेही काही वाजत नव्हतं. सगळं घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बंद केलं होतं.

"परत लाव," बाबा म्हणाले. मग "दे इकडे," म्हणत त्यांनी तिच्या हातून फोन घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फोन कानाशी धरून ते डोळे मिटून बसले. घंटा वाजत होती... वाजत होती...

"कोण?" पलीकडून झोपाळलेला आवाज आला. आणि मागोमाग खोकला. कोरडा, दोनदा.

बाबांनी फोन कानाशी घट्ट दाबला. "अक्का..."

आत्याचा आवाज एकदम जागा झाला. "बंड्या?"

सगळ्या कचेरीवर दरारा असलेले बाबा जिन्यावर बसून हुंदके द्यायला लागले.

"अरे, रडतोस काय असा? कोण गेलं?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "कोणी नाही गेलं, अक्का. कोणीच नाही."

भिंगरीचा जीव भांड्यात पडला. तिला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्हीतलं आधी कुठलं येऊ द्यावं ते कळेना. आईने पदराने डोळे पुसले आणि बाबांना ठणकावलं, "एवढा जीव होता तर इतकी वर्षं काय झोपला होतात?"

बाबांनी फोनचा आवाज मोठा केला. आत्या बोलत होती, आणि तिला थांबवायची कोणाची इच्छा नव्हती.

"अरे, ढगाळ हवा म्हणून आडवी झाले तर डोळा लागला. स्वप्न बघ कसलं पडावं. माझ्या खोलीत होते मी, पलंगावर. आणि दारात एक जाडा माणूस, कानाला वाट्यांएवढं काहीतरी लावलेला. म्हणतो कसा, आता एक मिनिट कोणी बोलायचं नाही. मागे भिंगरी उभी. मला इतकं हसू येत होतं. पण खोकला काही दबेना. तिला हाक मारायला गेले, तर कोणीतरी तोंडावर हात ठेवला. मग जागच आली. बघते तर फोन वाजतोय."

रेडिओने हळूच हेडफोन काढून पिशवीत टाकले. "जाडा," तो स्वतःशीच म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

"अक्का, लग्नाला ये," बाबा म्हणाले.

"आणि अण्णांचं?"

"अण्णांचं मी बघतो."

मग पंखे सुरू झाले, फ्रिज घरघरायला लागला, दिवे लागले. आईने सगळ्यांना जेवायला बसवलं, रेडिओलाही. तो मुकाट्याने जेवला, आणि हे पुढे कित्येक दिवस कोणाला खरं वाटलं नाही. बाबा मात्र अखंड बोलत होते. अक्काने आपल्याला झाडावर चढवून शिडी कशी काढून घेतली होती, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या घरात इतकी हलकी रात्र भिंगरीने कधी पाहिली नव्हती.

सकाळी चहाच्या वेळी रेडिओ पुन्हा दारात हजर. न बोलावता. बसायलाही तयार होईना.

"ताई, एक सांगायचं राहिलं. ते शेवटचं श्श... तुम्ही सगळ्यांनी माझंच, ओठांतल्या ओठांत केलेलं, म्हणून धरलंत."

"मग?"

"माझं नव्हतं. यंत्र चालू असताना मी ओठ शिवून उभा असतो. खाली काकूंना केलं ते यंत्र सुरू करायच्या आधी." त्याने घाम पुसला. "घरी जाऊन परत ऐकलं. खोकला पलंगावरून येतो. ते श्शही पलंगावरूनच. अगदी शेजारी शेजारी. आणि ते बाईमाणसाचं नाही."

भिंगरीला आत्याचं बोलणं आठवलं. कोणीतरी तोंडावर हात ठेवला. काल आनंदाच्या भरात तिकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

बाबांनी कप खाली ठेवला. "आधी एक लांब, मग एक तुटकं. असंच ना?"

"हो."

"अण्णा असंच करायचे," बाबा शांतपणे म्हणाले. "आम्ही जेवताना बोललो की." ते उठले, कपाटातून धुतलेली चादर आणि उशीचा अभ्रा काढला आणि जिना चढून वर गेले.

रेडिओने आवाज खाली आणला. "ताई, मी ते मिनिट पुसून टाकू का? दुसऱ्या खोलीची शांतता चालवून घेऊ. कोणाला पत्ता लागणार नाही."

भिंगरी दाराशी जाऊन चपला घालायला लागली होती. आत्याला आणायला ती आज, आत्ता, स्वतः जाणार होती. लग्नाच्या दिवसापर्यंत थांबण्यात काही अर्थ नव्हता. तिने वळून पाहिलं.

"पुसायचं नाही," ती म्हणाली. "त्यातलं काही कापायचंही नाही. आणि आत्या आली की तुम्ही परत यायचं, त्याच खोलीत आणखी एक मिनिट घ्यायला. पण या वेळी गप्प नाही बसायचं कोणी. सगळ्यांनी बोलायचं. सगळ्यात आधी आत्याने."

रेडिओने छताकडे पाहिलं. वर बाबा बहिणीसाठी पलंगावर चादर घालत होते आणि एकटेच मोठमोठ्याने बोलत होते. शिडीची तीच गोष्ट. मध्येच ते थांबले, कोणी टोकल्यासारखे. मग तेच वाक्य त्यांनी पुन्हा, पहिल्याहून मोठ्या आवाजात सुरू केलं.

"आणि ताई," रेडिओने विचारलं, "मध्ये पुन्हा कोणी श्श केलं तर?"

"तर आणखी मोठ्याने बोलायचं," भिंगरी म्हणाली आणि आत्याला आणायला निघाली.