बाजूले सरका

मनोज दामिनीशी पहिल्यांदा बोलला ते एवढंच... "बाजूले सरका." यात प्रेम शोधायचं म्हटलं तर कठीण आहे. पण गोष्ट तिथूनच सुरू होते, त्याला इलाज नाही.

अमरावतीच्या एका लॉनवर लग्न होतं. चांदूर बाजारजवळच्या आपल्या मळ्यातली शेवंती आणि झेंडू टेम्पोत भरून दामिनी सजावटीसाठी सकाळीच पोचली होती. हारांची टोपली घेऊन ती उभी राहिली ती नेमकी जिथे उभं राहू नये तिथे. वर लोखंडी चौकटीला एक भलामोठा काळा स्पीकर चेनपुलीने चढत होता. शिडीवरच्या तरुणाने ओढणं थांबवलं.

"बाजूले सरका, मॅडम."

"मले टोपली तर ठेवू द्या."

"ठेवा ना... पण तिकडे."

त्याने आवाज चढवला नाही. ती सरकेपर्यंत साखळीला हातही लावला नाही, नुसता थांबून राहिला. दामिनीला राग आला तो याचाच. भांडणाऱ्याशी तिला चांगलं भांडता येत होतं. वाट पाहणाऱ्याशी कसं भांडायचं हे तिला माहीत नव्हतं.

लग्नसराईत फुलवाले आणि साउंडवाले एकमेकांना टाळू म्हटलं तरी टाळू शकत नाहीत. ही दोघं धामणगावला भेटली, बाळापूरला भेटली. मनोज अकोल्याचा, आणि स्वभावाने महाकाटेकोर. दामिनी फुलांवर पाणी मारायची म्हणून आपल्या साउंडच्या मशीनभोवती तो जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवायचा, आणि ती चपलेचं टोक बरोबर त्या पट्टीवर टेकवून पाणी मारायची. त्याच्या प्रत्येक टांगलेल्या स्पीकरला दोन साखळ्या असत. एक ओझं पेलणारी, दुसरी सैल लोंबणारी. ही दुसरी काय करते, असं तिने एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, काहीच नाही... पहिली दगा देईपर्यंत.

पाहुणे यायच्या आधी आवाज तपासायचं काम असे. तो माइकवर विचारायचा, "ऐकू येते काय?" आणि दामिनी मागच्या रांगेत उभी राहून हात वर करायची. हे काम तिला कोणी दिलं नव्हतं, पण बाळापूरपासून ते तिचंच झालं होतं. पुढेपुढे ती हात वर करायला उशीर करू लागली, म्हणजे त्याला पुन्हा विचारावं लागे.

"तुमाले पहिल्या खेपेलेच ऐकू येऊन राहिलं," तो एकदा म्हणाला.

"मंग दुसऱ्यांदा कावून विचारता?"

यावर तो वायर गुंडाळत बसला. त्याचे कान मात्र लाल झाले होते आणि दामिनीला ते फार आवडलं.

अशात अकोल्याचं एक मोठं लग्न आलं. दामिनीचे वडील सूर्यभान यांनी त्याच मांडवात दुसरंही एक काम उरकायचं ठरवलं होतं. धामणगावचे पाहुणे येणार होते, त्यांचा मुलगा बँकेत होता. मुलगी सहज पाहून घेतील, जुळलं तर जेवणं झाल्यावर शब्द द्यायचा. दामिनीला हे नको होतं. पण का नको ते घरी सांगायचं कसं? ज्याच्यासाठी नको होतं तो तोंड उघडायला तयार नव्हता. शेवटी सकाळी तिने स्वतःच त्याच्या कानावर घातलं.

"आजच?" मनोजने विचारलं.

"आजच."

"हं," म्हणाला आणि शिडी चढला.

त्या 'हं'ने दामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या हातात पाण्याने निथळणारा झेंडूचा मोठा पडदा होता. तो खांबाला बांधायचा, पण खांब लांब होता आणि स्पीकरची सैल साखळी हाताशी लोंबत होती. फुलवाल्याच्या नजरेला लोंबती साखळी म्हणजे तोरणाची जागा. नाहीतरी ही काहीच करत नाही, मालकासारखीच, असं म्हणत तिने पडद्याचं एक टोक तिथे करकचून बांधलं. मनोज तेव्हा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होता.

पाहुणे त्या दिवशी वेळेआधीच आले. मनोज शेवटची फेरी मारत पुढे आला तेव्हा पहिल्या तीन रांगा भरल्या होत्या आणि धामणगावची मंडळी अगदी समोर बसली होती. त्याने वर पाहिलं. स्पीकर एका अंगाला कलला होता. त्याने माइक घेतला आणि पुढच्या तीन रांगांनी उठून मागे यावं असं सांगितलं. लोक कुरकुरले. मुहूर्त जवळ आलाय, मंगलाष्टकं झाल्यावर पाहू, असं धामणगावचे वडीलधारे म्हणाले. मनोजने वाद घातला नाही. ते उठेपर्यंत तो त्यांच्यासमोर तसाच उभा राहिला, आणि ते उठले.

मग पडद्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, हे इथे कोणी बांधलं? फुलांच्या कामावर पाच-सहा जणी होत्या. गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं.

"म्या," दामिनी म्हणाली.

धामणगावच्या पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सूर्यभान यांनी जमिनीकडे पाहिलं. मनोजने शिडी चढून स्पीकरला दोरी बांधली, तिचं टोक दामिनीकडे टाकलं आणि एवढंच म्हणाला, "दोरी धरा. झुलू देऊ नका."

पडदा सोडवून त्याने स्पीकर खाली घेतला. ओल्या पडद्याच्या ओढीने ओझं पेलणाऱ्या साखळीच्या आकड्याचं तोंड बोटभर उघडलं होतं. ते पाहून मनोजचा चेहरा उतरला, आणि या माणसालाही भीती वाटते हे दामिनीला पहिल्यांदा कळलं. तिने दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. नवा आकडा लागला, स्पीकर वर गेला, पहिली साखळी, मग दुसरी. दोन्ही त्याने ओढून पाहिल्या.

"सोडा आता. झालं काम."

दामिनीने दोरी सोडली. तो शिडीवरून दोन पायऱ्या खाली आला आणि हळूच म्हणाला, "मले एकदा बोललं का मांगं घेता येत नाही. म्हणून तपासून राहिलो होतो."

"काय तपासून राहिले होते?"

"तुमी हात उशिरा कावून वर करता... ते."

"अन् कळलं काय?"

"मले वाटते, कळलं. तुमच्या बाबाशी बोलू काय?"

दामिनीने वळून पाहिलं. मांडवातल्या पुढच्या तीन रांगा अजून रिकाम्या होत्या. स्पीकर पुन्हा टांगला गेला होता, पण त्याच्याखाली जाऊन बसायची कोणाची हिंमत होत नव्हती. धामणगावचे तर पार मागे खुर्च्या घेऊन बसले होते. ती चालत गेली आणि बरोबर त्या स्पीकरखालच्या खुर्चीवर जाऊन बसली, पदर नीट करून, सगळ्यांदेखत.

बाजूले सरका, असं या खेपेला मनोज म्हणाला नाही. तो आपल्या मशीनपाशी गेला. माइक घेतला. नुसत्या तपासणीला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ त्याने घसा साफ केला.

"ऐकू येते काय?"

दामिनीने लगेच हात वर केला.